जुन्या साडीचे पडदे: आधी कापड उजेडात धरा, मग कात्री उचला

प्रश्न थोडक्यात असा आहे. परभणीत भाड्याचं घर आहे. चार फूट रुंद आणि चार फूट उंच अशा दोन खिडक्या आहेत, त्यातली एक मावळतीकडची. घरात आईच्या दोन सुती साड्या, एक नऊवारी इरकल आणि एक डबल बेडशीट पडून आहे. पायाचं मशीन आहे, सरळ शिलाई येते. यातून पडदे होतील का, आणि ते टिकतील का?

होतील, आणि चांगले होतील. पण ताई, एक गोष्ट आधीच सांगते. नव्या कापडाचा पडदा मापानं कापतात, जुन्या कापडाचा पडदा झिजेनं कापावा लागतो. साडी कुठं विरली आहे, चादर कुठं पातळ झाली आहे हे आधी शोधायचं आणि मग कोणता तुकडा कुठं जाईल ते ठरवायचं. जुन्या कापडाचे पडदे लवकर फाटतात अशी तक्रार असते, ती बहुतेक वेळा शिलाईची नसते. विरलेला भाग नेमका ऊन लागणाऱ्या किंवा हातानं ओढल्या जाणाऱ्या जागी आलेला असतो.

कापड तपासणं

साडी दोघींनी दोन टोकांना धरून खिडकीसमोर उलगडायची आणि हळूहळू पुढं सरकवत पूर्ण बघायची. विरलेली जागा उजेडात चाळणीसारखी दिसते. साडी कुठं विरते हे ठरलेलं असतं. निऱ्यांच्या खालच्या टोकाला टाचेनं घासून काठ फुटलेला असतो. कमरेला खोचायच्या जागी आडवा पट्टा मऊ पडलेला असतो. बसण्याच्या भागात कापड पातळ होतं. पदराला खांद्यापाशी सेफ्टी पिनची भोकं असतात. अशा प्रत्येक जागेभोवती खडूनं गोल करा. खडू नसेल तर साबणाची वाळलेली चीप चालते, गडद कापडावर ती खडूपेक्षाही ठळक उठते आणि धुण्यात जाते.

डबल बेडशीट वेगळी झिजते. दोन माणसं झोपतात तिथं दोन लांबट पट्टे पातळ होतात, कडा मात्र जवळजवळ नव्या राहतात. म्हणून चादर मधोमध उभी कापून दोन पडदे करायचे असतील तर जुनी बाहेरची कड खिडकीच्या मध्याकडं आणायची आणि कापलेली बाजू भिंतीकडं टाकायची. याचं कारण असं. पडदे सरकवून ठेवले की मधल्या कडेवर दिवसभर ऊन पडतं, आणि उघडझाक करताना हातही तिथंच लागतो. पडद्याची पहिली झीज याच चार-पाच इंचांत होते. साडी वापरताना हाच नियम: दोन काठांपैकी जो धड आहे तो मध्याकडं.

उजेडात ठीक दिसलं तरी ताकद बघा. दोन्ही हातांचे अंगठे दोन इंचांवर ठेवून कापड आधी आडवं, मग उभं, झटका न देता घट्ट ताणा. सुती कापड कुरकुरलं किंवा धागे सरकून जाळी दिसली तर तो भाग पडद्याच्या कामाचा नाही. तो वाकळीत जाऊ द्या. वाकळीत एकावर एक थर असतात, म्हणून विरलेलं कापडही तिथं खपतं. पडद्यात ते एकटंच लटकतं.

कापड सुती आहे की पॉलिस्टर, याची खात्री नसेल तर कडेचे दोन-चार धागे ओढून स्टीलच्या ताटलीवर चिमट्यानं धरून पेटवा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि मऊ राख उरते. पॉलिस्टर वितळून आकसतं, त्याची टणक गुठळी होते. स्वयंपाकघराच्या खिडकीला, गॅसच्या शेगडीजवळ, पॉलिस्टरचा पडदा लावू नका. पेटलं तर वितळलेलं कापड अंगाला चिकटतं.

रेशमी साडी, जुनी पैठणी किंवा हिमरूचा तुकडा घरात असेल आणि पडद्याला शोभेल असं वाटत असेल, तर कृपा करून ते खिडकीपासून लांब ठेवा. रेशीम उन्हात सगळ्यांत आधी हरतं. घडीवर चिरत चाललेली पैठणी खिडकीत लावली की आपल्याकडच्या एका उन्हाळ्यात तिच्या उभ्या चिंध्या होतात. तिचा तुकडा भिंतीवर, उन्हाबाहेर, चौकटीत लावता येईल.

धुणं, आणि बोअरचं पाणी

कापण्याआधी धुवायचंच. एक कारण म्हणजे खळ. सुती साडीला वर्षानुवर्षं दिलेली खळ कापडात बसलेली असते. तिच्यामुळं कापड कडक आणि धडधाकट वाटतं, पण ती धुऊन गेल्यावरच खरी अवस्था कळते. शिवाय खळ लागलेल्या कापडाला पावसाळ्यात बुरशी येते आणि कसर लागते. साडी रात्रभर साध्या पाण्यात भिजवा, सकाळी पाणी बदला, पिळताना बोटांना बुळबुळीत लागायचं थांबेपर्यंत.

रंग जातो का, हे आधी बघा. ओला पांढरा रुमाल कापडावर मिनिटभर दाबून धरा. रुमालाला रंग लागला तर ते कापड वेगळं धुवा आणि त्याला पांढरं अस्तर लावू नका. मिठाच्या पाण्यात बुडवून कच्चा रंग पक्का होतो ही समजूत खरी नाही. त्या एका धुण्यात रंग थोडा कमी सुटतो, पुढच्या वेळी पुन्हा सुटतोच.

बोअरचं पाणी जड असेल तर साबणाला फेस येत नाही, आणि साबण व क्षार मिळून एक राखाडी साय कापडावर बसते. पांढरी चादर त्यामुळं कितीही धुतली तरी मळकट दिसते. गरम पाण्याच्या बादलीत दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा विरघळवून कापड तासभर ठेवा, मग साबण लावा. शेवटचं खंगाळणं नळाच्या किंवा साठवलेल्या पावसाच्या पाण्यात केलं तर फार फरक पडतो. तेवढं पाणी नसेल तर शेवटच्या बादलीत अर्धी वाटी पांढरा व्हिनेगर टाका.

आठवडी बाजारातून किंवा जुने कपडे विकणाऱ्याकडून घेतलेलं कापड असेल तर ते थेट घरात पसरू नका. शिवणीत आणि दुमडीत ढेकूण आणि त्यांची अंडी असू शकतात. सुती पांढरं कापड उकळत्या पाण्यात घाला. रंगीत असेल तर जितकं गरम पाणी रंगाला सोसेल तितक्यात धुवा आणि वाळल्यावर शिवणींवरून कडक इस्त्री दाबून फिरवा.

वाळत घालण्याआधी साडीचा फॉल उसवा. फॉल राहू दिला तर तो भाग वेगळा आकसतो आणि पडद्याच्या कडेला लाटा येतात. फॉलखालचं कापड आतून गडद असतं. पाच इंचांचा तो पट्टा पातळ साडीत उजेडाला वेगळा दिसतो, म्हणून फॉलची बाजू भिंतीकडं जाईल असं ठरवा. तिथं मधला काठ दुसऱ्या बाजूचा येतो, तोच बहुतेक वेळा जास्त धडही असतो.

माप

खिडकीचं माप चौकटीचं घेऊन थांबू नका, रॉडचं घ्या. रॉड चौकटीच्या वर पाच इंच आणि दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच बाहेर जाऊ द्या. तुमच्या ४८ इंची खिडकीला रॉड ६० इंच झाला. रॉडच्या वरच्या कडेपासून खाली चौकटीच्या आठ इंच खालपर्यंत पडदा हवा: ५ + ४८ + ८, म्हणजे ६१ इंच. टेप डावीकडं, मध्ये आणि उजवीकडं अशा तीन ठिकाणी लावा. जुन्या घरांत ओटा आणि चौकट क्वचितच एका पातळीत असतात.

आता कापायची लांबी. वर नेफा, म्हणजे रॉड घालायची शिवलेली पोकळी, आणि नेफ्याच्या डोक्यावर दीड इंचाची झालर धरू. झालर पुढून दीड, मागून दीड, नेफा मागून सव्वादोन, आत दुमडायला अर्धा: पावणेसहा इंच. खाली चार इंचांची दुहेरी दुमड, म्हणजे आठ इंच. ६१, पावणेसहा आणि आठ मिळून पावणेपंचाहत्तर. नेफा चुण्यांत थोडी लांबी खातो, म्हणून ७६ इंच कापा.

पाचवारी साडी साडेपाच मीटर धरली तर ती २१६ इंच होते, पन्हा म्हणजे रुंदी साधारण ४५. ७६ इंचांचे दोन पडदे काढले की १५२ इंच गेले, ६४ उरले. म्हणजे विरलेल्या जागा टाळायला तुमच्या हातात तब्बल पाच फुटांची मोकळीक आहे. पदर टाका, निऱ्यांचा खराब भाग टाका, मधून दोन चांगले तुकडे निवडा. दोन्ही बाजूंना काठ आयते असल्यामुळं बाजू शिवायचीही गरज नाही.

दोन पन्हे म्हणजे ९० इंच कापड ६० इंचाच्या रॉडवर, दीडपट. जाडसर सुती साडीला दीडपट पुरते. पातळ, अंग दिसणारी साडी असेल तर दीडपटीत ती ताणून लावलेल्या धोतरासारखी दिसते, तिला दोन ते सव्वादोनपट हवं. त्यासाठी तिसरा पन्हा लागतो, आणि एका साडीत तो जेमतेम बसतो: खालची दुमड दुहेरीऐवजी एकेरी, वर अर्धा इंच घेऊन, तुकडा ७२ इंचांवर आणला तर २१६ मध्ये बरोबर तीन. पण मग खराब भाग टाळायला एक इंचही उरत नाही. जुन्या साडीत हे गणित सहसा जमत नाही. सारख्या दोन साड्या असतील तरच तिसरा पन्हा धरा. तो मधोमध उभा कापून अर्धा-अर्धा दोन्ही पडद्यांच्या भिंतीकडच्या बाजूला जोडा, म्हणजे जोड नजरेत येत नाही.

नऊवारी इरकल सव्वाआठ मीटरच्या आसपास, म्हणजे सव्वातीनशे इंच. तिच्यात ७६ चे चार तुकडे, दोन्ही खिडक्यांचे पडदे निघतात. इरकलचा पदर विणताना वेगळ्या ताण्याचा असतो आणि अंगाच्या ताण्यात तो फासे अडकवून जोडलेला असतो. तो जोड पडद्याच्या मध्ये येऊ देऊ नका, बरोबर जोडावर कापून पदर वेगळा ठेवा. उरलेल्या लाल-पांढऱ्या पदराच्या पट्ट्या पडदा बांधायला सुरेख दिसतात.

छोट्या खिडक्यांसाठी एक सोपी गोष्ट बऱ्याच जणी विसरतात. माळवदाच्या जुन्या घरातली अडीच-तीन फुटांची खिडकी असेल तर साडी आडवी वापरा. पन्हा हीच पडद्याची उंची. वरचा काठ मागं दुमडला की नेफा, खालचा काठ जसाच्या तसा शोभेचा. ४५ इंची पन्ह्यात ४० ते ४१ इंचांचा तयार पडदा मिळतो, एकच आडवी शिलाई आणि दोन बाजूंच्या दुमडी. तासाभराचं काम.

सरळ कापणं

साधं विणलेलं सुती कापड धाग्यावर फाडता येतं, पण जुनं कापड फाडताना विरलेल्या जागी वळतं आणि चिरत जातं. म्हणून धागा ओढा. काठाला अर्ध्या इंचाचा काप द्या, एक आडवा धागा सुईच्या टोकानं उचलून हळूहळू ओढा. कापड त्या रेषेत गोळा होतं आणि धागा निघाला की एक पांढुरकी बारीक रेघ उरते. धागा तुटला तर जिथं तुटला तिथपर्यंत कापा आणि पुढचं टोक शोधा. त्या रेघेवर कात्री चालवली की तुकडा धाग्यात सरळ येतो. टेबलावर पट्टी ठेवून मारलेली रेघ दिसायला सरळ असते, पण धाग्याला तिरपी असली तर पडदा टांगल्यावर एका बाजूला पिळतो आणि कितीही इस्त्री केली तरी तो पीळ जात नाही.

याला अपवाद छापील चादरीचा. स्वस्त चादरीत छपाई धाग्याला तिरकी असणं नेहमीचं आहे. तिथं धाग्यात कापलं तर फुलांची ओळ खिडकीवर उतरती दिसते. फरक इंच-दीड इंचाचा असेल तर छपाईच्या ओळीनं कापा. त्याहून जास्त असेल तर ती चादर अस्तराला वापरा.

लहान भोकं कापड सपाट असतानाच बुजवा. ठिगळ त्याच कापडाच्या उरलेल्या तुकड्याचं घ्या, मागच्या बाजूनं, उभा धागा उभ्याला जुळवून. धागा आडवा पडला तर ठिगळ उजेडात वेगळं चमकतं आणि धुतल्यावर वेगळं आकसतं.

शिलाई

पातळ साडीला ११ नंबरची सुई, चादरीला १४, इरकलचा काठ किंवा चार थरांचा कोपरा असेल तर १६. सुई नवी लावा. बोथट सुई जुन्या कापडाचे धागे बाजूला सारण्याऐवजी तोडते, आणि तोडलेल्या धाग्यांच्या रेषेवर कापड पुढं टपाल तिकिटासारखं फाटतं. टाकाही याच कारणानं फार बारीक घेऊ नका. इंचाला ८ ते ९ टाके पुरेत. १२-१४ टाक्यांची शिलाई नव्या कापडावर मजबूत असते, विरलेल्यावर ती भोकांची रांग असते.

दोरा पॉलिस्टरचा घ्या, उन्हात तो सुतीपेक्षा जास्त टिकतो. घरातलं जुनं रीळ वापरण्याआधी हातभर दोरा ओढून तोडून बघा; सहज तुटला तर ते रीळ फक्त कच्च्या टाक्यांना. रंग कापडापेक्षा एक छटा गडद निवडा, कारण रिळावर गडद दिसणारा दोरा एकेरी झाल्यावर फिका दिसतो.

साडीचं पातळ कापड शिलाई सुरू करताना मशीनच्या भोकात ओढलं जातं. खाली वर्तमानपत्राची दोन बोटं रुंद पट्टी ठेवून शिवा आणि नंतर फाडून काढा. शिलाईच्या रेषेवर कापड आवळून चुण्या पडत असतील तर वरचा ताण थोडा सैल करा. त्यानं भागलं नाही तर बॉबिनमध्ये दोरा फार गच्च भरला आहे का ते बघा.

चादरीच्या कापलेल्या बाजूला इंचाच्या दुहेरी दुमडीनं शिवून घ्या. साडीचा तिसरा पन्हा जोडायचा असेल तर पातळ कापडात साधी शिवण चालत नाही, मागून उजेड आला की आतले दोरे दिसतात. आधी उलट्या बाजू एकमेकींना लावून पाव इंचावर शिवा, कड बारीक छाटा, मग उलटवून सुलट बाजू आत घ्या आणि पुन्हा पाव इंच आत शिवा. कच्ची कड आत बंद होते. दोन्हीकडं काठ असतील तर हे करू नका, फार जाड होतं. काठावर काठ ठेवून दोन्ही कडांवरून सरळ शिलाई मारा. प्रत्येक उभी शिवण वरून खालीच मारायची. मशीनचे दात खालचं कापड पुढं ओढतात आणि वरचं मागं राहतं, एक शिवण वरून आणि एक खालून मारली तर पडदा मध्ये पिळतो.

इरकलचा काठ वेगळ्या सुताचा असतो. अंगाचं सुती कापड आकसतं, काठ तसाच राहतो, आणि कडेला लाट येते. ती पाण्याचा हबका मारून कडक इस्त्रीनं बसते का बघा. बसत नसेल तर काठ कापून वेगळा करा, सरळ बाजूला इंचाची दुमड घाला आणि काठ खालच्या कडेवर पट्टी म्हणून शिवा. दिसतंही छान, आणि खाली वजनही मिळतं.

वरचं टोक: नेफाच करा

प्लास्टिकच्या आयलेट रिंगा बाजारात मिळतात, पडदे त्यांच्यावर सरसर सरकतात आणि चुण्या एकसारख्या पडतात. तरी जुन्या कापडाला रिंगा लावू नयेत असंच माझं मत आहे. पडद्याचं सगळं वजन आठ-दहा भोकांच्या वरच्या कडेवर येतं आणि कापड तिथूनच चिरतं. कापडी पट्ट्यांच्या लूपचंही तेच, प्रत्येक लूपचा कोपरा आधी फाटतो. नेफ्यात मात्र वजन पूर्ण रुंदीवर वाटलं जातं. चादर जाड आणि घट्ट असेल आणि रिंगाच हव्या असतील तर आत चार इंची बकरम, म्हणजे कडक कापडाची पट्टी, घाला, रिंगांची संख्या सम ठेवा म्हणजे दोन्ही टोकं भिंतीकडं वळतात, आणि दोन रिंगांत साधारण सहा इंच अंतर धरा.

नेफ्याचं माप रॉडवरून निघतं. एक इंची गोल रॉडचा घेर सव्वातीन इंचांच्या आत असतो, सपाट कापडात त्याला दीड इंचाहून थोडं जास्त लागतं. नेफा सव्वादोन इंच ठेवला की पडदा अडकत नाही. दोन इंचांहून कमी ठेवला तर ओढताना हिसका बसतो, आणि तो हिसकाच कापड फाडतो. वरून अर्धा इंच दुमडा, मग पावणेचार इंच मागं वळवून इस्त्री करा, खालच्या कडेला एक शिलाई, वरच्या टोकापासून दीड इंचावर दुसरी. दोन शिलायांच्या मध्ये रॉड, वर झालर. दोन्ही टोकांना तीन-चार टाके मागं घेऊन पक्कं करा, नेफा उसवतो तो नेहमी टोकाशी.

भाड्याच्या घरात भिंतीला ड्रिल मारायला मालकाची परवानगी नसेल तर लाकडी चौकटीला हूक लावून स्प्रिंग ताणा. स्प्रिंग खिडकीच्या रुंदीपेक्षा दर फुटामागं इंचभर कमी कापा. स्प्रिंगला नेफा एक इंचाचा पुरतो. पण चार फुटांच्या पुढं, किंवा अस्तराच्या पडद्याला, स्प्रिंग मध्ये झोळ खाते. जुन्या दगड-मातीच्या भिंतीत खिळा धरत नाही, तिथंही चौकटच गाठावी. रॉडऐवजी वेळूची सरळ काठी उत्तम चालते, फक्त तिच्या पेरांवर सॅंडपेपर मारून बोट फिरवून बघा. जिथं बोटाला टोचतं तिथं कापड अडकणार.

खालची दुमड सगळ्यांत शेवटी

वरचं शिवून झालं की पडदा खाली न शिवता रॉडवर घाला आणि दोन दिवस लटकू द्या. सुती कापड स्वतःच्या वजनानं उतरतं, सैल विणीचं जास्त, आणि दोन तुकडे एकाच साडीचे असले तरी सारखे उतरत नाहीत. मग लटकलेल्या अवस्थेतच ओट्यापासून माप घेऊन टाचण्या लावा, उतरवा, चार-चार इंचांची दुहेरी दुमड इस्त्रीनं बसवा आणि शिवा. मशीनची रेघ नको असेल तर हातानं तुरपाई करा, इंचाला पाच टाके, सुईत समोरचे एक-दोन धागेच उचलून. पडदा वाऱ्यानं फार उडत असेल तर दुमडीत जुन्या जीन्सची दीड इंची पट्टी घाला. लोखंडी वायसर घालू नका, पहिल्याच धुण्यात गंजाचे डाग पडतात आणि ते निघत नाहीत.

मावळतीची खिडकी आणि कूलर

एप्रिल-मे मध्ये आपल्याकडं पारा चाळिशी ओलांडतो आणि दुपारी दोननंतर मावळतीच्या काचेवर ऊन थेट येतं. त्या खिडकीचा एकेरी साडीचा पडदा दोन-तीन उन्हाळ्यांपेक्षा जास्त टिकेल असं धरू नका. तिथं बेडशीटचा पडदा करा, आणि मागं पांढऱ्या धोतराचं किंवा जुन्या पांढऱ्या चादरीचं अस्तर लावा. काचेकडं पांढरी बाजू असली की ऊन थोडं परततं आणि रंगीत कापड झाकलं जातं. अस्तर पडद्यापेक्षा खाली एक इंच आखूड आणि दोन्ही बाजूंना इंचभर अरुंद कापा आणि फक्त वर, नेफ्याच्या शिलाईत धरा. बाजू आणि तळ सुटे ठेवा, नाहीतर धुतल्यावर दोन कापडं वेगवेगळी आकसून पडदा फुगतो. विरलेलं अस्तर बदलायलाही सोपं जातं, फक्त एक शिलाई उसवायची.

ज्या खिडकीत कूलर बसतो तिथं पूर्ण पडदा घेऊच नका. कूलरच्या तोंडाशी कापड सतत दमट राहतं आणि महिन्याभरात काळे ठिपके धरतं. कूलरच्या वर उरलेल्या जागेपुरता आखूड पडदा करा. समोरची खिडकी, जिथून कूलरची हवा बाहेर जायची, तिला पातळ साडीचा पडदा ठेवा. तिथं अस्तराचा जाड पडदा ओढून घेतला तर हवा कोंडते, खोली गार होण्याऐवजी चिकचिकीत होते.

वळवाच्या आधी वावधान सुटलं की आपल्याकडची बारीक माती पडद्याच्या झालरीत बसते. ती तशीच ओली केली तर चिखलाची रेघ पडते, म्हणून धुण्याआधी पडदा अंगणात चांगला झटका. जुन्या कापडाला पिळा देऊ नका, दाबून पाणी काढा आणि सावलीत वाळवा. आणि दिवाळीच्या साफसफाईत पडदे पुन्हा लावताना डावा उजवीकडं आणि उजवा डावीकडं घाला. वर्षभर ऊन खाल्लेली मधली कड भिंतीकडं जाते आणि भिंतीकडची ताजी कड मध्ये येते. फॉलखालचा पट्टा आता मध्ये आला तरी वर्षभराच्या उजेडानं त्याचा गडदपणा कमी झालेला असतो.